व्हेनिस, आई आणि आयर्विन पूल

नोव्हेंबरात व्हेनिसला कोण जातं, असं मला ऑफिसात तिघांनी विचारलं. तिघांचंही म्हणणं एकच, पाऊस, धुकं, पाय ओले, मे महिन्यात जा की. पण मे महिन्यात आई इथे नसणार होती, तिचा नव्वद दिवसांचा व्हिसा दिवाळीनंतरचा होता, आणि म्युनिकमध्ये दुपारी साडेचारला अंधार पडायला लागल्यावर ती खिडकीत बसून "काय गं, सूर्य नाहीच का तुमच्याकडं" असं रोज म्हणायला लागली होती. नवऱ्याला सुट्टी नव्हती. मग म्हटलं आपण दोघीच जाऊ. रूम स्वस्त मिळाली, आणि कुठेतरी वाचलेलं की २१ नोव्हेंबरला तिथे एक जत्रा असते आणि तेवढ्यासाठी ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल टाकतात. खरं सांगायचं तर मला फोटो काढायचे होते, धुक्यातली गोंडोला वगैरे, तेच ते.

म्युनिकहून थेट ट्रेन आहे, ब्रेनरच्या खिंडीतून, साधारण सात तास. आईने डब्यात बसल्याबसल्या भडंग काढला. सांगलीची बाई प्रवासाला निघाली आणि भडंग नाही असं होत नाही, तीन महिन्यांसाठी येताना तिने दोन किलो आणलेला. इटली लागली तसं डोंगरावर पिवळी झालेली झाडं, खाली सफरचंदाच्या बागा, आई म्हणाली तासगावच्या द्राक्षबागा लागल्यासारख्या आहेत, आणि मग तिला झोप लागली. मेस्त्रे स्टेशन गेल्यावर मी तिला उठवलं कारण तिथून पुढे गाडी सरळ समुद्रावर जाते, जवळजवळ चार किलोमीटरचा पूल, १८४६ पासून आहे रेल्वेचा, आणि दोन्ही बाजूला नुसतं राखाडी पाणी. आई खिडकीला नाक लावून बसली. मला वाटलं म्हणेल किती सुंदर. तर म्हणते, "पाणी पुलापासून किती खाली आहे गं?"

तेव्हा मला कळायला हवं होतं की पुढचे तीन दिवस कसे जाणार आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमचं घर सांगलीत गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, धोक्याची पातळी पंचेचाळीस, म्हणजे विचार करा. आमच्या तळमजल्यात छातीच्या वर पाणी होतं. आई-बाबा मिरजेला मावशीकडे, मी म्युनिकमध्ये फोनवर, आणि रोज सकाळी एकच प्रश्न, आयर्विनला किती. २००५ चा पूरही आईने बघितलाय. त्यामुळे तिच्यासाठी पाणी ही बघायची गोष्ट नाही, मोजायची गोष्ट आहे. आणि मी बिनडोक तिला जगातल्या सगळ्यात पाण्यातल्या गावात घेऊन चालले होते.

सान्ता लुचिया स्टेशनातून बाहेर आलं की समोर पायऱ्या आणि पायऱ्यांच्या खाली थेट ग्रँड कॅनॉल. रिक्षा नाही, टॅक्सी नाही, रस्ताच नाही. आई पायऱ्यांवर थांबली. "हा घाटच आहे की." वापोरेत्तोचं, म्हणजे तिकडच्या बोटबसचं, एक तिकीट साडेनऊ युरो, पंचाहत्तर मिनिटं चालतं. मी तिला रुपयांत सांगायला नको होतं. हाफ तिकिटात सांगली-पुणे-सांगली होऊन वर दोन मिसळ येतील असा हिशोब तिने जागेवर केला. आम्ही पंचेचाळीस युरोवाला तीन दिवसांचा पास काढला आणि एक नंबरच्या बोटीत बसलो, ती कॅनॉलच्या या काठाला त्या काठाला शिवत शिवत जाते, आपली लाल डब्बा एसटी प्रत्येक फाट्याला थांबते तशी. धुकं होतं. तिकडच्या बोलीत धुक्याला काईगो म्हणतात. वाड्यांचे वरचे मजले दिसत नव्हते, नुसते खालचे दरवाजे, दरवाजासमोर दोन-तीन पायऱ्या आणि शेवटच्या पायऱ्या पाण्याखाली, हिरव्यागार शेवाळाच्या. आई बोट करून मला प्रत्येक घराची शेवाळाची रेघ दाखवत होती. "रोजचं पाणी इथवर येतं. त्याच्यावर पांढरं फुगलंय ना, ते मोठं पाणी येऊन गेलेलं." गाईड घ्यायची गरजच नव्हती.

ही रेघ बघणारी ती एकटीच नाही हे मला नंतर कळलं. पूर्वी व्हेनिसचे लोक भिंतीवर या शेवाळाच्या पातळीला C असं अक्षर कोरून ठेवायचे, आणि अठराव्या शतकात कॅनालेत्तो नावाच्या चित्रकाराने वाडे इतके तंतोतंत रंगवलेत की संशोधकांनी त्याच्या चित्रातली शेवाळाची रेघ आणि आजची रेघ यांची तुलना करून पाणी किती चढलं ते काढलं. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, मग आपल्या भिंतीवर बाबांनी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख टाकली तेव्हा तू का हसलीस?

रूम शोधण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. पत्ता होता कास्तेल्लो आणि पुढे चार आकडी नंबर. बस. गल्लीचं नाव नाही. व्हेनिसचे सहा भाग, त्यांना सेस्तिएरे म्हणतात, आणि प्रत्येक भागात घरांचे नंबर एकापासून सुरू होऊन गल्लीबोळातून वळत वळत हजारोंत जातात, कास्तेल्लोचे तर सहा हजाराच्या वर. म्हणजे शेजारच्या दारावर भलताच नंबर असू शकतो. फोनवरचा नकाशा मला दोनदा थेट पाण्याच्या काठावर घेऊन गेला आणि म्हणाला सरळ जा. बॅग, आई, पूल. प्रत्येक पुलाला पायऱ्या, वर चढा, खाली उतरा, आईच्या गुडघ्यांचं तुम्हाला काय सांगू. चारशेच्या वर पूल आहेत या गावात. चौथ्या पुलावर ती कठड्याला टेकून म्हणाली, जेजुरीला निदान वर गेल्यावर खंडोबा तरी असतो.

शेवटी एका आजोबांनी सोडवलं. त्यांच्याकडे भाजीची दोन चाकांची ट्रॉली होती आणि इंग्लिश नव्हतं, त्यांनी फोनवरचा नंबर वाचला, मान हलवली, आणि आईची बॅग ट्रॉलीवर टाकून चालायलाच लागले. वाटेत एक चपटा बोगदा लागला, घराच्या खालून जाणारा, त्याला सोतोपोर्तेगो म्हणतात हे भिंतीवरच लिहिलं होतं, पांढऱ्या चुन्याच्या चौकटीत काळी अक्षरं, इथल्या सगळ्या पाट्या तशाच रंगवलेल्या.

रूम तळमजल्यावर. लिस्टिंगमध्ये 'कॅनॉल व्ह्यू' होतं, आणि होताही, बाथरूमच्या खिडकीतून. ओलीचा वास. मी वैतागून मेसेज टाईप करायला लागले तोवर आई खोलीभर फिरून आली. "बघितलंस का, सगळे बोर्ड वर आहेत." खरंच, प्लगपॉइंट सगळे कमरेच्या वर, आणि फ्रिज विटांच्या ओट्यावर. २०१९ नंतर बाबांनी आमच्याकडे वायरमन बोलावून अगदी हेच केलं होतं, बोर्ड चार फुटांवर, फ्रिजला ओटा. मग ती दाराशी गेली. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंना खाली लोखंडी खाचा होत्या, गुडघ्यापर्यंत. मला वाटलं काहीतरी तुटलंय. आईने दारामागे बघितलं, तिथे ॲल्युमिनियमची एक फळी उभी होती, खाली रबराची पट्टी लावलेली. ती उचलून तिने खाचेत सरकवली. घट्ट बसली. आई दोन पावलं मागे सरून त्या फळीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हे आपल्याकडं कुणाला सुचलं नाही बघ." म्युनिकमधलं अख्खं म्युझियम दाखवून मला जे जमलं नव्हतं ते एका फळीने केलं. तिने त्या खाचेचा फोटो काढून बाबांना पाठवला, रुंदी टिचभर मोजून. फोटो काढायला आलेली मी, आणि पहिला फोटो हा.

तर पाण्याचं काय ते एकदा सांगून टाकते कारण आईने माझ्याकडून ते तीन वेळा समजून घेतलं. शरद ऋतूत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, एड्रिआटिक समुद्रावर दक्षिणेकडून सिरोको नावाचा वारा सुटतो आणि पाणी वर, उत्तरेकडे ढकलतो, आणि उत्तरेला टोकाला व्हेनिस. त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि हवेचा दाब कमी झालेला असला की तिन्ही एकत्र येऊन आक्वा आल्ता, म्हणजे सरळ 'उंच पाणी'. ते सेंटिमीटरमध्ये मोजतात, १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून. (१८९७ म्हटल्यावर पुणेकरांना जे आठवतं तेच मलाही आठवलं, प्लेग, त्याच्याकडे येतेच.) आता समुद्रच चढलाय त्यामुळे ते शून्य केव्हाच पाण्याखाली गेलंय. ऐंशीच्या आसपास सान मार्को चौकात पाणी यायला लागतं कारण तो सगळ्यात सखल. सगळ्यात मोठं पाणी ४ नोव्हेंबर १९६६ चं, १९४ सेंटिमीटर. दुसरं १२ नोव्हेंबर २०१९ चं, १८७.

"२०१९?" आई म्हणाली. "आपला ऑगस्ट आणि यांचा नोव्हेंबर?"

हो. तीन महिन्यांच्या अंतराने. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि त्यानंतर मला वाटतं व्हेनिस तिच्यासाठी परकं गाव राहिलं नाही.

आणि आता त्यांनी दरवाजे बसवलेत. मोझे म्हणतात त्याला. समुद्र खाडीत जिथून आत येतो ती तीन तोंडं आहेत, लिदो, मालामोक्को आणि किओज्जा, तिथे तळाशी ७८ पिवळे लोखंडी दरवाजे आडवे झोपवून ठेवलेत, पोटात पाणी भरून. मोठ्या पाण्याचा अंदाज आला की पोटात हवा भरतात, पाणी बाहेर पडतं आणि दरवाजे बिजागरीवर उठून उभे राहतात. काम २००३ ला सुरू झालं, मध्ये पैसे खाल्ल्यावरून २०१४ ला धडाधड अटका झाल्या, आणि पहिल्यांदा खऱ्या पाण्याला दरवाजे उभे राहिले ३ ऑक्टोबर २०२० ला. सतरा वर्षं. अब्जावधी युरो. आईची प्रतिक्रिया अशी, की अठ्ठ्याहत्तर? कोयनेला सहा आहेत, अलमट्टीला सव्वीस. मग दुसरा प्रश्न, आणि हा अस्सल सांगलीकर प्रश्न आहे: "कधी उघडायचे कधी लावायचे ते ठरवतं कोण?"

कारण भांडण तिथेच असतं ना. दरवाजे उठवले की बोटी बाहेर अडकतात, बंदरवाले ओरडतात, खाडीतलं पाणी हलायचं थांबतं म्हणून पर्यावरणवाले ओरडतात, म्हणून एक आकडा ठरवलाय, अंदाज ११० च्या वर असेल तरच. त्याच्या खाली नाही. आणि ८ डिसेंबर २०२० ला, चाचणीच्या काळात हा आकडा १३० होता तेव्हा, अंदाज त्याच्या खालचा आला, दरवाजे उठवले नाहीत, आणि पाणी १३८ वर गेलं. आईने हे ऐकून इतकी जोरात मान हलवली की बस, जणू अलमट्टीच्या विसर्गाचीच बातमी ऐकतेय. आणि ऐंशी ते एकशेदहा हा जो मधला भाग आहे त्यात सान मार्को भिजतंच. दरवाजे असूनसुद्धा.

ते आम्ही बघितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, अंदाज नव्वदच्या आसपासचा होता. मला वाटायचं पाणी कॅनॉलमधून लाटेसारखं येत असेल. नाही. चौकाच्या मधोमध फरशीत दगडी जाळ्या आहेत, पावसाचं पाणी जायला, त्यातून उलटं वर येतं. आधी नुसता ओला डाग. मग बशीएवढं. मग ते डाग एकमेकांना मिळतात आणि तुम्ही कॉफीवाल्याच्या खुर्च्यांकडे बघेपर्यंत अर्ध्या चौकाचा आरसा झालेला असतो. पांढरे पक्षी त्यात चालत होते. चौकातल्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, भोवती आता काचेची भिंत लावलीय, २०२२ मध्ये, त्यामुळे आतली फरशी कोरडी. लाकडी फळ्यांचे लांब टेबलासारखे रस्ते मांडून ठेवलेले असतात त्यांच्यावरून लोक एकामागे एक चालले होते, आणि एकजण दहा-पंधरा युरोला पायात चढवायच्या प्लास्टिकच्या केशरी पिशव्या विकत होता. आईने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो पुढे गेला. साडी पोटरीपर्यंत खोचली, बूट-मोजे काढून माझ्या हातात दिले आणि सरळ पाण्यात. नोव्हेंबरच्या पाण्यात! "आई!" "गार आहे गं, पण स्वच्छ आहे. पुराच्या पाण्यासारखा वास नाही." दोन जपानी मुलींनी तिचा फोटो काढला. माझा कॅमेरा कुठे होता? एका हातात तिचे बूट, दुसऱ्या हातात तिची पर्स, असो.

रिआल्तोच्या मासळीबाजाराबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकते पण थोडक्यात. आम्ही तिथे त्रागेत्तोने गेलो, म्हणजे जुनी साधी गोंडोला, ग्रँड कॅनॉल फक्त आडवा पार करून देते, दोन युरो. (पर्यटकांची गोंडोला नव्वद युरो अर्ध्या तासाला, आई म्हणाली नव्वद युरोत मी सांगलवाडीला पोहून जाईन.) लोक त्यात उभ्याने जातात. आई खाली बसली नाही, उभीच राहिली, पदर कमरेला. बाजारात जिवंत खेकडे होते, कात टाकल्यावर कवच मऊ असतं तेव्हाच उचललेले, मोएके म्हणतात, ते वसंतात आणि शरदात थोडेच दिवस मिळतात. जवळ्यापेक्षा जरा मोठी करडी कोलंबी. लालबुंद, कुरळ्या पानांची कडू भाजी, त्रेव्हिझोची, ती थंडी पडायला लागली की येते. आणि टबात वळवळणारी वांब! आईला आमच्या नदीतली वांब तिकडे बघून जो आनंद झाला. भिंतीवर एक जुना संगमरवरी दगड आहे त्यावर कोणता मासा किती लांबीच्या खाली विकायचा नाही ते कोरलंय, तारलीसारखे छोटे मासे सात सेंटिमीटर, वांब पंचवीस. आईने तो फोटोसुद्धा बाबांना पाठवला.

एका बेकरीत घोड्यावर बसलेल्या माणसाची बिस्किटं अर्ध्या किमतीत होती, साखरेचं आयसिंग, चांदीच्या गोळ्या, हातात तलवार. "खंडोबा कसा काय इथं?" तो सान मार्तिनो नावाचा संत निघाला, त्याचा सण ११ नोव्हेंबरला, पोरं भांडी बडवत गल्लीतून फिरतात आणि गोड मागतात. सण होऊन गेला म्हणून निम्म्यात. आम्ही एक घेतलं, आईने घोड्याचं डोकं मोडायला नकार दिला, शेपटीपासून खाल्लं.

आता जत्रा.

१६३० मध्ये व्हेनिसला प्लेग आला. दीडेक वर्षात शहरातली साधारण एक तृतीयांश माणसं गेली, शेहेचाळीस हजार वगैरे. हे गाव प्लेगला नवीन नव्हतं, क्वारंटाईन हा शब्दच इथला, क्वारांता म्हणजे चाळीस, आलेल्या जहाजाला चाळीस दिवस बाहेर थांबवायचं, आणि त्यासाठी खाडीतली बेटंच्या बेटं राखून ठेवलेली, पहिलं १४२३ चं. पण या वेळी काही चालेना. तेव्हा ऑक्टोबर १६३० मध्ये सरकारने नवस बोलला. सरकारने! सिनेटने रीतसर ठराव करून, की हे थांबलं तर मेरीमातेचं देऊळ बांधू आणि दरवर्षी येऊ. थांबलं. आणि सान्ता मारिया देल्ला सालुते बांधलं, सालुते म्हणजे आरोग्य, ग्रँड कॅनॉलच्या तोंडावर, चिखलात लाकडी खुंट ठोकून, अकरा लाखांच्या वर खुंट असं सांगतात. बाल्दास्सारे लोंगेना नावाच्या आर्किटेक्टने आयुष्य त्यात घातलं, आणि १६८७ मध्ये ते पूर्ण झालं तेव्हा तो हयात नव्हता. आणि तेव्हापासून दर २१ नोव्हेंबरला गाव जातं.

"चारशे वर्षं नवसच फेडतायत?" आई म्हणाली. "आपण एकदा नारळ फोडला, ओटी भरली की मोकळे."

पूल खरोखर टाकला होता, तराफ्यांवर, लाकडी. पायाखाली किंचित हलतो. आणि गर्दी, पण पर्यटकांची नाही, म्हणजे आमच्यासारखे होते थोडे, बाकी सगळे तिथलेच, बाबागाडीतली पोरं, काठीवाल्या आज्या चांगले कोट घालून, शाळेतली मुलं, नर्सेस. या गावात आता राहतं कोण हा प्रश्नच आहे, एका औषधाच्या दुकानाच्या काचेत गावची लोकसंख्या दाखवणारा आकडा लावलाय २००८ पासून, तो पन्नास हजारांच्या खाली गेलाय, १९५१ मध्ये पावणेदोन लाख होते. उरलेले सगळे त्या दिवशी त्या पुलावर होते असं वाटलं. पलीकडे फुगे, साखरेचा कापूस, तळलेले गोड वडे, आणि मेणबत्त्यांचे स्टॉल. अगदी आपली जत्रा, पाळणा तेवढा नव्हता.

आम्ही मेणबत्त्या घेतल्या, आईने तीन, दोन लावायला आणि एक घरी न्यायला. आत गोल देऊळ, वर प्रचंड घुमट, आणि लोक कठड्यापाशी मेणबत्त्या पुढे करत होते. पलीकडे दोन पोरगे उभे, मेणबत्ती घ्यायची, पेटत्या दुसरीवर पेटवायची, खिळ्यावर खोचायची. आईने दिली. हात जोडले, डोळे मिटले. मला माहितेय ती कोणासाठी उभी होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझा भाऊ अकरा दिवस ऑक्सिजनवर होता आणि तेव्हा तिने काय काय बोललं होतं ते तिने मला कधी पूर्ण सांगितलेलं नाही. तिने डोळे उघडले तर तो पोरगा तिची मेणबत्ती उपटून, फुंकून, मागच्या खोक्यात टाकत होता.

"विझवली?"

मी काय सांगणार. मागे रांग, खिळे मोजके, जागा करायला लागते, मिनिटभरही जळत नाही कोणाची. आईचा चेहरा बघून शेजारच्या एका बाई, सत्तरीच्या असतील, काहीतरी भराभरा इटालियन बोलल्या, खोक्याकडे बोट, मग दोन्ही हातांनी वितळवून परत ओतायची खूण, मग खांदे उडवले, मग आईच्या हातावर हात ठेवून थोपटलं. आईने क्षणभर विचार केला. "म्हणजे आपल्या देवळातले नारळ परत पुढच्या दारानं दुकानात जातात तसंच की," ती मला म्हणाली, आणि त्या बाईंकडे बघून हसली. दुसरी मेणबत्ती तिने त्या पोराच्या हातात देताना मात्र बोट वर केलं. एक मिनिट. आणि तो बिचारा खरंच थांबला.

मुख्य वेदीवर संगमरवरी मूर्ती आहेत, जुस्तो ले कोर्त नावाच्या शिल्पकाराच्या. मधोमध मेरीमाता बाळाला घेऊन, एका बाजूला गुडघे टेकलेली तरुण बाई म्हणजे व्हेनिस, आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारी, केस विस्कटलेले, तोंड वेडंवाकडं, मागे बघत पळतेय, आणि एक पंखवालं पोर हातात मशाल घेऊन तिला हाकलतंय.

"ती म्हातारी कोण?"

"प्लेग."

आई तिथे खूप वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "असं हाकलतात का कुणी? आपण हिला साडी नेसवली असती, ओटी भरली असती, गाड्यावर बसवून वाजतगाजत शिवेपर्यंत सोडून आलो असतो. बाई, तू देवच आहेस पण आता पुढच्या गावाला जा म्हणून."

मरीआईचा गाडा. मी लहानपणी आजोळी एकदा बघितलाय, निंबाचे डहाळे, हळदीकुंकू, कडकलक्ष्मीवाला आसूड मारून घेतोय, आणि त्या मागे चालणाऱ्या बायकांमध्ये आजी. मला तेव्हा भीती वाटलेली. त्या घुमटाखाली उभी राहून मी पहिल्यांदा विचार केला की आपल्याकडे रोगही तीच आणि बरं करणारीही तीच, हे किती विचित्र आहे, आणि किती व्यवहारी. जिला हाकलून जमणार नाही तिच्याशी गोड बोलून बघायचं. आणि मेरीमातेचं जे जुनं, काळपट चेहऱ्याचं चित्र त्या वेदीत बसवलंय, १६७० मध्ये व्हेनिसच्या लोकांनी क्रीट बेटावरून हरून परत येताना आणलेलं, ते बघून आईला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. काळी आई तिला माहितीची आहे.

बाहेर आल्यावर भूक. त्या दिवशी तिथे कास्त्रादिना खातात, मटण मीठ लावून, धुरी देऊन, वाळवलेलं, मग कोबीबरोबर तासन्‌तास शिजवून केलेला रस्सा. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की प्लेगमध्ये गावाकडे कोणी फिरकत नव्हतं तेव्हा समोरच्या किनाऱ्यावरचे, दाल्मात्सियाचे लोक हे मटण आणून देत राहिले, म्हणून दरवर्षी त्यांच्या आठवणीत खायचं. गोष्ट आईला फार आवडली. रस्सा नाही. "पांढऱ्या रश्श्याच्या जवळपास पण नाही, आणि तिखट कुठाय?" पर्समधून भडंग निघाला. वरून घातला. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी बघत नव्हतं, मग मीही घातला. सांगू का, बरा लागला.

रात्री परतताना धुकं इतकं उतरलेलं की पुलाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं, पाण्यावर कुठेतरी बोटीची घंटा, आणि आमच्या आधी गेलेल्या कोणाच्या तरी पावलांचा आवाज. असा फोटो काढायला मी आले होते. काढला. हलला.

परत निघायच्या सकाळी आईने मला तिच्या फोनवर 'ते पाण्याचं' टाकून द्यायला सांगितलं, तिथल्या महापालिकेचं भरतीच्या अंदाजाचं पान आहे, रोजचे आकडे आणि आलेख. मी टाकून दिलं, मनात म्हटलं कशाला उघडेल. तिसरी मेणबत्ती तिने साडीच्या घडीत गुंडाळून सुटकेसमध्ये ठेवली.

जुलैमध्ये सांगलीत पाणी चढायला लागलं. एका सकाळी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये तिचा व्हॉट्सॲप आला, घाटाचा फोटो, त्याखाली दोन ओळी.

आयर्विन ३५ फूट.
व्हेनिस ५२ सेंमी. त्यांचं ठीक आहे.